अर्जात न बसलेलं

त्या रविवारी अप्पांनी सकाळपासून तीन वेळा कॉम्प्युटर बंद करून चालू केला होता. चौथ्यांदा बटण दाबून ते उठले, चूळ भरली, खुराड्याचं दार उघडून कोंबड्या बाहेर सोडल्या, परत येऊन बसले, तरी पडद्यावरचं छोटं चक्र फिरतच होतं.

"बघितलीस का," ते म्हणाले. "लई हळू चालायलंय. तुमच्या कॉलेजात नवीन सिस्टीम टाकून घेतले म्हनलीस की गं तू. तसली ह्याला टाकून दे."

"अप्पा, हे डबडं भंगारात द्या. मी लॅपटॉप आणते."

"लॅपटॉपला माझी बोटं बसत न्हाईत. आन् भंगारात कामून देऊ? म्हातारं झालं म्हनून? मग मला बी दे की."

मी हसले. मी आदल्या संध्याकाळी कलबुर्गीहून आले होते. तिथल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. महिन्यातून एकदा राजेश्वरला, आमच्या गावी यायचं, दोन दिवस राहायचं, आणि बरोबर आणलेलं पुस्तक संपवून जायचं, असा माझा नेम होता.

अप्पा अर्ज लिहायचे. पंचवीस वर्षं बसवकल्याणला, कचेरीच्या भिंतीबाहेर, टाइपरायटर मांडून. कानडी टायपिंगची परीक्षा ते पास झालेले. पुढे टाइपरायटरवरचे अर्ज कोणी घेईना, तेव्हा त्यांनी हा कॉम्प्युटर घेतला, कोणीतरी वापरून टाकलेला. मग गुडघे गेले आणि ते घरीच बसायला लागले. आमच्याकडे अर्ज कानडीत लागतो, आणि निम्मी माणसं मराठीत बोलतात. मधलं काम अप्पांचं. माणूस मराठीत रडायचा, अप्पा कानडीत विनंती करायचे.

त्या दिवशी बाणूबाई आली. पलीकडच्या गल्लीतली, पूर्वी मेंढरं राखणाऱ्या घरातली. सत्तरी ओलांडलेली, पण आवाज अजून माळावरून हाक मारणारा.

"नागनाथअण्णा, लिव्ह. नळ दिलाव म्हनत्यात. दिल्यात, न्हाई म्हनत न्हाई. पन पानी माझ्या दारापत्तुर येऊस्तर म्हातारं हुतंय. माझ्यावानी काठी टेकत येतंय आन् घागर अर्धी झाली की मटकन बसतंय."

"ह्ये सगळं लिव्हू?"

"लिव्ह की. साहेबाला कळू दे."

"साहेब कानडी हाय."

"मग कानडीत म्हातारं कर त्याला. तुला काय अवघड हाय?"

अर्ज चार ओळींचा निघाला. तिसऱ्या वॉर्डात पाणीपुरवठा अपुरा आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. बाणूबाईने अंगठा उठवला आणि चहा पिऊन गेली. ती गेल्यावरही अप्पा अर्धा तास टकटक करत बसले होते.

"अजून काय टाइप करताय?" मी विचारलं.

"मशीन हळू हाय."

"मशीन का तुम्ही?"

ते नुसते हसले. मग पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणाले, "सिस्टीम टाकून दे. मग तुला एक वाचायला देतो."

"काय?"

"हाय काय तर."

"उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू," मी म्हणाले. पुस्तकातून डोकं वर काढलं नाही.

दुपारी अप्पांनी "सुमन" म्हणून हाक मारली आणि मायने ताटं वाढली. तू पण बस म्हटलं तर म्हणाली, "मी भाकर खाल्ले मघाच. तुमी बसा." आमच्याकडे असंच बोलतात. बाई म्हणते मी भाकर खाल्ले, माणूस म्हणतो मी भाकर खाल्लो. पुस्तकातल्या मराठीत भाकरी खाल्ली जाते, आमच्याकडे खाणारा पुढे असतो. शाळा संपेपर्यंत मीही तशीच बोलायचे. मराठी घेऊन एम.ए. करायला गेले तेव्हा ते सुटलं. सुटलं म्हणजे मी सोडलं. पहिल्यांदा घरी येऊन "मी भाकरी खाल्ली" म्हणाले तेव्हा माय म्हणाली होती, "पाव्हनीवानी बोलायलीस."

सोमवारी सकाळी सातच्या बसने मी निघाले. अप्पांनी दारातूनच हात केला. साडेअकरा वाजता धम्मानंदकाकांचा फोन आला, अप्पा गेले म्हणून. मी परत आलेल्या पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत होते. हातातल्या पुस्तकावर शिक्का उलटा उठला. ते पुस्तक अजून तसंच कपाटात आहे.

*

जलदानविधी झाला. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे आदरांजलीचा, कार्यक्रम येत्या रविवारी ठरला, लोकांना सुट्टी असते म्हणून. धम्मानंदकाका अप्पांचे चुलतभाऊ, शाळेतून निवृत्त झालेले. सगळी जुळवाजुळव त्यांच्याकडे. बुधवारी ते वहीत नावं लिहीत बसले होते.

"प्रेरणा, तुला चार शब्द बोलावं लागतील."

"मला नाही जमायचं, काका."

"एवढी पुस्तकं वाचतीस आन् बापाबद्दल चार शब्द न्हाईत?"

माय भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "तिनं बोलू नये. त्यांचंच वाचून दाखवावं. सगळं मशिनीत हाय."

"काय सगळं?"

"लोकांच्या बाता. कोन काय बोललं ते. रोज टायपून झाल्या की मला वाचून दाखवायचे."

मी पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि हंड्यापाशी उभी राहिले.

मला वाटत होतं, त्यांचं ते लिहिणं कधीच थांबलं. सोळा वर्षांपूर्वी, मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, अप्पांनी माझ्या हातात एक शंभरपानी वही दिली होती. वर निळ्या शाईत लिहिलं होतं: अर्जात न बसलेलं. आत लोक होते. अर्ज सांगायला आलेला माणूस काय काय बोलला आणि त्यातलं अर्जात काय गेलं नाही, ते अप्पांनी उतरवून ठेवलं होतं. "तू शिकलेली हायस, बघून दे," म्हणाले. मी दोन दिवस बसून बघून दिलं, लाल पेनाने. पानी होतं तिथे पाणी केलं. कोन होतं तिथे कोण. मी खाल्लो, मी केलो, मी सांगितलो असं पानोपानी होतं, ते सगळं मी खाल्लं, मी केलं, मी सांगितलं असं बदललं. शेवटच्या पानावर, मास्तर लिहितात तसं, लिहिलं: शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.

अप्पांनी उभ्यानेच वही चाळली. "लई मेहनत घेतलीस," म्हणाले आणि ट्रंकेत ठेवली. परत कधी त्यांनी मला काही वाचायला दिलं नाही. मीही विचारलं नाही. आधी विसरले म्हणून, आणि नंतर विसरले नव्हते म्हणून.

आता ते सगळं रविवारच्या आत त्या मशीनमधून बाहेर काढायचं होतं.

*

मशीन उठेना. काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ यायची, ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही अशा अर्थाची, आणि तिच्याखाली एक रेघ लुकलुकत राहायची. मी बटण दाबून बंद केलं, चालू केलं, परत तेच. घड्याळ एक जानेवारी दोन हजार चार दाखवत होतं. माय म्हणाली, "त्याला रोज सकाळी आधी तारीख सांगावी लागतीय. इसरतंय ते."

मी मल्लिकार्जुन सरांना फोन लावला. ते आमच्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब बघतात.

"मेडम, विंडोज गेली बघा," ते म्हणाले. "जाऊ द्या. लिनक्स टाका, हलकी येते जुन्या मशीनसाठी. मी लिंक पाठवतो, पेनड्राइव्ह तयार करा. सोपं आहे. पण त्यांच्या फाइली कुठं आहेत?"

"डी मध्ये. सगळ्यांच्या डी मध्येच असतात."

"सी मधलं काही घ्यायचं नाही ना? सी पुसली जाणार."

"सी मध्ये काय असणार, सर?"

"बघा हं. एकदा पुसलं की मला शिव्या द्यायच्या नाहीत."

फोनच्या इंटरनेटवर फाइल उतरायला दुपार गेली. मी बसू शकत नव्हते. शेल्फवरचे अर्जांचे कागद काढले, पुसले, परत लावले. उभे लावले होते ते परत आडवे केले. बाहेर जाऊन वायर कुठून येते ते बघितलं, उगाच. माय म्हणाली, "बस की जरा. किती फिरायलीस?" मी बसले आणि लगेच उठले.

पहिला पेनड्राइव्ह चालला नाही. हे मशीन जुन्या बत्तीस बिटच्या जातीचं निघालं, आणि मी उतरवलं होतं चौसष्टचं. सर फोनवर हसले. "माझ्या लग्नाच्या आधीचं आहे का हो ते? मग त्याच्या वयाचं काहीतरी घाला मेडम, आजोबांना जीन्स कशाला?" परत डाउनलोड. गुरुवारी सकाळी दुसरा पेनड्राइव्ह लावला, एफ-बारा दाबून धरलं, आणि एक निळा पडदा आला. भाषा विचारली. मी क्षणभर थांबले आणि इंग्रजी दिली. मग डिस्कचे दोन भाग दाखवले. डी ला हात लावायचा नाही, हे मी तीन वेळा तपासलं. सी निवडली. यातला सर्व मजकूर नष्ट होईल, पुढे जायचं का? मी हो म्हटलं.

एक्केचाळीस टक्क्यांवर लाइट गेली.

यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती. मी त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. माझंच तोंड दिसत होतं त्यात, म्हणून उठले. अंगणात आले, परत आत गेले. सव्वादोन तास. लाइट आल्यावर परत पहिल्यापासून भाषा, डिस्क, हो. या वेळी मी टक्क्यांकडे पाहिलंच नाही. चुलीपाशी बसून तूर निवडली, आधीच निवडलेली.

चार वाजता नवीन पडदा आला, स्वच्छ, रिकामा. मशीन झटक्यात चालत होतं. अप्पांनी बघायला हवं होतं, असं मनात आलं आणि मी ते लगेच बाजूला सारलं. डी उघडली. आत एकच फोल्डर होता, त्यात तीनशेच्या वर फाइली. नावं इंग्रजी अक्षरांत, जेमतेम समजणारी: बानू १, बानू २, राघोबा, अक्कम्मा, परत बानू. आहे, सगळं आहे. मी मायला हाक मारली आणि पहिली फाइल उघडली.

पडद्यावर कचरा होता. पौंडाची खूण, डोक्यावर टिंब असलेली परकी अक्षरं, उलटे स्वल्पविराम, मध्येच एक आकडा. दुसरी उघडली, तेच. दहावी उघडली, तेच.

"काय झालं?" माय म्हणाली.

"काही नाही."

मी सरांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. आवाज आज थट्टेचा नव्हता. "मेडम, हा जुन्या पद्धतीचा फाँट आहे. अक्षरं फाइलीत नसतात, फाँटात असतात. फाइलीत नुसते नंबर. तो फाँट असला तरच वाचता येतं."

"तो कुठे असतो?"

ते म्हणाले, "सी मध्ये."

म्हणजे मीच पुसला होता. हो म्हणून, दोनदा.

*

शुक्रवार सकाळपासून मी जुने मराठी फाँट शोधत होते. कोणी कुठे ठेवलेले, कोणा छापखान्याच्या सीडीतले. एकेक उतरवायचा, फाइलीला लावायचा. लावला की कचऱ्याची देवनागरी व्हायची, आणि वाचायला जावं तर काही नाही. ढ, मग झ, मग एकटीच वेलांटी, मग तीन टिंबं. मराठीच्या आकाराचा कचरा. हे जास्त वाईट होतं. अकरा फाँट झाले. मी अंगठ्याचं नख कुरतडलं ते रक्त येईपर्यंत.

मध्ये धम्मानंदकाका डोकावले. "निघालं का?"

"निघतंय."

"निघालं की माझ्याकडं दे. जरा शुद्ध करून घेऊ. उदगीरहून लोक यायलेत, भालकीहून यायलेत, नागनाथचं कसंबसं लिव्हलेलं तसंच वाचलं तर बरं दिसत न्हाई."

मी मान डोलवली. ते गेले. बारावा फाँट लावला.

माय माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिला कोणतीच अक्षरं वाचता येत नाहीत. ती बराच वेळ पडद्याकडे बघत होती.

"असली नसायची," ती म्हणाली.

"काय?"

"अक्षरं. ह्ये तुझ्या पुस्तकातली हाईत. दोरीवर कापडं वाळू घातल्यावानी, खाली लोंबणारी. त्यांची असली नसायची. सुटी सुटी असायची. गोल. सुपात हरभरे पसरल्यावानी."

"ते अर्जाचं, माय. अर्ज कानडीत असायचे."

"अर्जाचं न्हाई सांगायले मी. बातांचं सांगायले. वाचायचे मराठीत, पन अक्षरं गोल. मराठी टाईप येतंय कुटं त्यांना?"

माझा हात माऊसवरच थांबला. मी कीबोर्डकडे पाहिलं. सोळा वर्षं डोळ्यांसमोर असलेला कीबोर्ड. प्रत्येक कळीवर अप्पांनी चिकटवलेला कानडी अक्षराचा बारीक कागद, बोटांनी झिजून पिवळा पडलेला. कानडीच्या परीक्षेत पास झालेली बोटं. मराठी टायपिंग ते कधी शिकलेच नव्हते, आणि हे मला माहीत होतं.

सरांना फोन केला. "सर, कानडीचा तो जुना फाँट आहे का, कचेऱ्यांमध्ये वापरायचे तो?"

"अहो, तो तर माझ्या खिशात असतो! पण तुम्ही मराठी म्हणालात ना?"

"पाठवा तुम्ही."

फाँट लावला. कचरा हलला, आणि पडदाभर हरभरे पसरले.

कानडी मी दहावीपर्यंत शिकले आहे, वाचता येतं. मी डोळ्यांनी वाचायला लागले आणि पुन्हा काही कळेना. एकही शब्द कानडी नव्हता. मग मी अक्षराला अक्षर लावून तोंडाने वाचलं, पहिलीतल्या पोरासारखं. बा. णू. बा. ई. आ. ली.

बाणूबाई आली.

डोळ्यांना ते कळत नव्हतं, फक्त कानाला कळत होतं. मी मोठ्याने वाचत गेले. "बाणूबाई आली. म्हनली, पानी माझ्या दारापत्तुर येऊस्तर म्हातारं हुतंय. मी म्हनलो, साहेब कानडी हाय. म्हनली, कानडीत म्हातारं कर. अर्जात म्हातारं बसलं न्हाई. म्हनून हितं लिहिलो. प्रेरणा पुस्तक वाचायली हाय. तिला ऐकू आलं का न्हाई, कुनास ठाऊक."

ती त्या रविवारची फाइल होती.

माय खाली बसली. "व्हय. ह्येच," म्हणाली. "फुडचं वाच."

मग आम्ही वाचत गेलो. मी वाचायचे, ती काही ठिकाणी माझ्या आधी पुढचं म्हणायची. राघोबाचा हरवलेला बैल आणि तो बैलाची उंची सांगताना स्वतः कसा वाकून उभा राहिला. अक्कम्मा, जिने मुलीच्या दाखल्यावर बापाचं नाव सांगताना चार वेळा पदर तोंडाला लावला. सगळ्यात खाली, सगळ्यात जुनी, एक फाइल होती. नाव होतं: लाल.

मी थांबले. माय म्हणाली, "ती बी वाच."

"प्रेरणा वही लाल करून दिली. लई मेहनत घेतली पोरगी. मी बसून सगळं पुन्हा लिहिलो, ती सांगितली तसं. मग सुमनला वाचून दाखवलो. सुमन म्हनली, ह्ये कोन बोलायलंय? ह्ये मानूस आपल्या गावचं न्हाई. मी म्हनलो, बाणूबाई हाय. म्हनली, न्हाई, बाणूबाई अशी बोलत न्हाई. मग मी ठरवलो. आता कानडी अक्षरात लिहितो. कानडीवाल्याला ह्ये समजनार न्हाई. मराठीवाल्याला वाचता येनार न्हाई. मग चूक कोन काढंल? दोनी येनारी एकच हाय, ती आमच्याच घरात हाय. ती वाचंल तवा वाचंल."

बाहेर कोंबड्या खुराड्यात शिरायला लागल्या होत्या. मायने उठून दार लावलं.

*

शनिवारी मी वाचायच्या पाच बाता कागदावर उतरवल्या, कानडीतून देवनागरीत. पेन निळं होतं, तरी पहिल्याच ओळीत हाताने पाणी लिहिलं. मी मूळ पाहिलं. कानडीत न वेगळा आणि ण वेगळा, दोन्ही कळा त्या कीबोर्डवर आहेत. बाणूबाईच्या नावात अप्पांनी ण लावला होता. पानीत न. त्यांना फरक माहीत होता. मी पाणी खोडून पानी लिहिलं. पुढच्या ओळीत परत चुकले, परत खोडलं. पाच पानांना दिवस गेला.

संध्याकाळी काका आले. "आन इकडं. बघून देतो."

"बघायचं काही नाही काका त्यात."

"अगं, तू एम.ए. मराठी. लोक काय म्हनतील, पोरीला एवढं बी करता आलं न्हाई?"

"म्हणू द्या," मी म्हणाले. कागद मी पर्समध्ये ठेवले. पर्समध्ये लाल पेन होतंच, कायम असतं, पुस्तकांच्या नोंदींना लागतं. रात्रभर ते तिथेच आहे हे मला जाणवत होतं.

रविवारी विहारासमोर मांडव घातला. वंदना झाली. उदगीरचे, भालकीचे पाहुणे पुढच्या खुर्च्यांवर बसले, गल्लीतल्या बायका सतरंजीवर. माझ्या कॉलेजातले चौघे मागे उभे होते, मल्लिकार्जुन सर त्यांत. एकेक जण उठून बोलत होता. नागनाथराव थोर होते, निःस्वार्थी होते, दीपस्तंभ होते. माय खाली मान घालून ऐकत होती, कोणा दुसऱ्याबद्दल ऐकावं तसं. मग काकांनी माझं नाव घेतलं.

मी माइकपुढे उभी राहिले. पर्समधून कागद काढले. सरळ वाचायला लागले. "बाणूबाई आली. म्हनली, पानी माझ्या दारापत्तुर येऊस्तर म्हातारं हुतंय."

पुढच्या खुर्च्यांवर कोणीतरी काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा काढला. मी वाचत राहिले. काठी टेकत येतंय, घागर अर्धी झाली की मटकन बसतंय.

सतरंजीवरून आवाज आला. "ह्ये मीच बोलले! आगं, ह्ये मीच बोलले!" बाणूबाई गुडघ्यांवर उठून शेजारणीला ढोसत होती. "ऐकलीस का? लिव्हून ठिवला बघ अण्णा. मी म्हनलेच होते त्याला, लिव्ह म्हनून!"

बायका हसल्या. मग पाठीमागेही हसू पसरलं, दुखवट्यात हसावं का नाही असं चाचपडत. राघोबाचा बैल वाचला तेव्हा राघोबा उभाच राहिला आणि हाताने उंची दाखवायला लागला. मायने आता मान वर केली होती. तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

पाच कागद संपले. मी खाली बसायला हवं होतं. काकांनी माइकसाठी हात पुढे केला. मी माइक दिला नाही.

मनात वाक्य तयार होतं, नीट, शुद्ध, कोणत्याही पुस्तकात छापता येईल असं. मी ते तोंडाशी आणलं आणि ते या मांडवातल्या कोणाचं वाटेना. अप्पांच्या फोटोला घातलेला शेवंतीचा हार एका बाजूने घसरला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"अप्पा," मी म्हणाले, "तुमची वही मी लाल केले. तुमचं काय बी चुकलं न्हवतं. मी चूक केले."